आजीला बाहेर ठेवून नातू आत येत नाही

जुलैच्या चौथ्या रविवारी कॅथलिक मंडळी आजी-आजोबांचा दिवस पाळतात. पोप फ्रान्सिस यांनी तो 2021 साली सुरू केला. परंपरेने येशूचे आजी-आजोबा मानलेल्या योआकीम आणि ॲना यांचा सण 26 जुलैला येतो, त्याच्या जवळचा हा रविवार. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सहसा असा दिवस नसतो, पण त्या विषयावरचे प्रवचन आपण सगळ्यांनीच ऐकलेले असते. तरुण तीमथ्याला पौल आठवण करून देतो की तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता, मग तुझी आई युनीके हिच्यात. पाळक मग समोरच्या आजींकडे हात करतात, आजी डोळे टिपतात, आणि विश्वास पिढ्यान्‌पिढ्या कसा चालत येतो हे आपल्याला पटते.

भामरागडला हे प्रवचन अडते. जुलैत पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, हे गडचिरोलीत सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. पण प्रवचन अडते ते पुरामुळे नाही. पर्लकोटा आणि पामुलगौतम जिथे इंद्रावतीला मिळतात, त्या टापूत ख्रिस्ताच्या मागे निघालेल्या माडिया आदिवासी तरुणाच्या घरात लोईस नसते. त्याची आजी पंडुमचा सण झाल्याशिवाय नवे पीक तोंडात घालत नाही. आजारपणात ती आधी पेरम्याकडे, म्हणजे गावाच्या पुजाऱ्याकडे जाते, मग दवाखान्यात. गेलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड तिला नुसता दगड वाटत नाही. या घरात ख्रिस्ती विश्वासाची पहिली पिढी म्हणजे तो स्वतःच. त्याला आपण काय सांगतो?

बहुधा एकच गोष्ट सांगतो: जुने सोड. दारू सोड, जादूटोण्याची भीती सोड, हे ठीकच. पण या यादीत हळूच आजीही येऊन बसते. तिच्या पंडुमला जायचे नाही, तिच्या हातचे त्या दिवशी खायचे नाही, ती गेली तर क्रियेला उभे राहायचे नाही. याला आपण निष्ठा म्हणतो. माझे म्हणणे असे, की ही निष्ठा एका पिढीपुरतीच टिकते. वीस वर्षांनी या तरुणाला मुले होतील. विश्वासासाठी आई-बापाकडे पाठ फिरवावी लागते, हेच त्यांनी आपल्या बापाकडून शिकलेले असेल. पुढे त्यांना दुसरे काही पटले, तर तीच पाठ ती त्याच्याकडे फिरवतील. आजीला बाहेर ठेवणाऱ्या विश्वासाला नातू लाभत नाही.

पवित्र शास्त्रात याला एक नेमकी गोष्ट आहे आणि ती आपण अर्धीच सांगतो. अरामाचा सेनापती नामान कुष्ठरोगी होता. अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून त्याने यार्देनेत सात बुड्या मारल्या आणि तो बरा झाला. संडे स्कूलमध्ये गोष्ट इथे संपते. पुढचा भाग असा: आता इस्राएलाच्या देवाशिवाय कोणाचे भजन करणार नाही, असे नामान कबूल करतो आणि मग बिचकत एक अडचण मांडतो. माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर भार टाकून जातो. तो वाकला की मलाही वाकावे लागते. तेवढ्यापुरती देव मला क्षमा करील ना? अलीशा त्याला झापत नाही, नियमही सांगत नाही. शांतीने निरोप देतो. नामानाची उपासना कुठे आहे आणि त्याचा हात कोणाला आधार देतो आहे, यातला फरक त्या संदेष्ट्याला कळला होता. भामरागडच्या तरुणाच्या हातावर त्याच्या आजीचा भार आहे.

देवाच्या प्रीतीबद्दल आपण बोलतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो, की ती प्रीती मिशनऱ्याबरोबर गावात आली. योहान तर सांगतो की प्रीतीचा उगमच देवात आहे, आणि आपण प्रीती करायला लागण्याच्या कितीतरी आधी देवाने ती केली. हे खरे असेल तर माडिया आजीने उपाशी राहून नातवाला आंबील पाजली, तापात रात्रभर त्याच्याजवळ बसली, मोह वेचून त्याला शाळेचे कपडे घेतले, ते कुठून आले? तिला त्या प्रीतीच्या मालकाचे नाव ठाऊक नसेल. नातवाला आता ते कळले आहे. मग त्याने आजीकडे जाऊन काय म्हणावे: ‘तू अंधारात आहेस’, की ‘तू मला जे दिलेस ते कोणाकडचे होते हे मला आता कळले’? दुसरे वाक्य जास्त ख्रिस्ती आहे, आणि जास्त खरेही.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे नवे वाटू नये. आपली पहिली पिढी नेमकी अशीच होती. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. पत्नी लक्ष्मीबाईंवर तो आघात होता. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे नगरला एकत्र आले तेव्हाही त्या आपले सोवळे सांभाळूनच होत्या, आणि टिळकांनी त्यांच्यामागे घाई लावली नाही. आधी शिवाशिव त्यांच्या मनातून गेली; बाप्तिस्मा त्यानंतर आला. टिळकांनी स्वतःही मागचे दार लावून घेतले नव्हते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती, आणि त्यांचे अभंग वाचताना ती खरी वाटते.

या सबुरीचे फळ काय? टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ ओवीत लिहायला घेतले आणि दहाएक अध्यायांनंतर 1919 साली ते गेले. एके काळी ज्यांना नवऱ्याचा धर्म विटाळ वाटत होता, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. 1936 साली त्याही गेल्यावर मुलगा देवदत्त यांनी ग्रंथ पूर्ण करून छापला. नातू अशोक टिळक यांनी आजीची ‘स्मृतिचित्रे’ साक्षेपाने संपादित केली. मराठीत विश्वासाच्या तीन पिढ्या दाखवायच्या तर याहून चांगले घर मला माहीत नाही. आणि त्या घराची सुरुवात, न पटलेल्या माणसाला वेळ देण्यापासून झाली.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. त्यांनी 1907 साली आपली साक्ष लिहिली ती वडिलांपासून सुरू होते. अनंतशास्त्री डोंगरे कट्टर सनातनी, पण लोकांचा रोष पत्करून त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि तिने लेकीला. दुष्काळात आई-वडील गेले ते हिंदू म्हणून. रमाबाईंनी ख्रिस्ताला मानले, वडिलांच्या धर्मावर परखड लिहिले, पण आपल्या हातात विद्या कोणी दिली हे त्या विसरल्या नाहीत.

आपल्या जंगलपट्टीत हा प्रश्न आधीही पेटला होता. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी ख्रिस्ती मित्र शामराव हिवाळे 1932 साली मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. नागपूरचे अँग्लिकन बिशप तेव्हा ॲलेक्स वूड होते; आधी ते स्वतः चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) मिशनरी होते. सेवा करीन पण गोंडांना ख्रिस्ती करणार नाही, असे एल्विन यांचे म्हणणे. बिशपांना ते मान्य होणे शक्य नव्हते. 1935 साली एल्विन यांनी चर्च सोडले. या भांडणात एल्विनची बाजू घेणे आज सोपे आहे. मला मात्र दोघांचेही अपुरे वाटते. स्वतःहून ख्रिस्ताकडे येणाऱ्या गोंड तरुणाला एल्विनच्या मांडणीत जागा नाही. जणू आदिवासीने काय मानावे हे दुसऱ्याच कोणी ठरवायचे. आणि मिशनच्या हिशेबात त्या तरुणाच्या आजीला जागा नाही. दोघांनाही सामावणारी मंडळी हवी, आणि ती अजून आपल्याला घडवायची आहे.

कॅथलिक चर्चलाही हा पेच ओळखीचा असेल. 1962 साली चांदा हा प्रदेश केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला गेला. केरळबाहेर त्या चर्चला मिळालेला हा पहिला मिशन प्रदेश. आपली परंपरा थेट संत थोमापर्यंत नेणारे धर्मगुरू अशा घरांच्या दारात आले, जिथे ख्रिस्ताचे नाव पहिल्यांदाच ऐकले जात होते. इतक्या पिढ्यांचा विश्वास पाठीशी असलेल्या माणसाला पहिल्या पिढीचे एकटेपण समजायला वेगळी नम्रता लागते.

प्रीती खरी की दाखवायची, हे पारखण्याची एक कसोटी भामरागडशेजारीच आहे. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प ख्रिस्ती नाही, कोणत्याच धर्माचा नाही. बाबा आमटे यांनी तो 23 डिसेंबर 1973 रोजी सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी उभा केला. त्यांनी माडिया भाषा शिकली, रुग्ण तपासले, आणि आपली मुले माडिया मुलांबरोबर त्याच आश्रमशाळेत बसवली. ती मुले मोठी होऊन त्याच कामात परतली. आपण एखाद्या समाजावर प्रेम करतो असे म्हणतो तेव्हा आपले लेकरू कुठे बसवतो? या प्रश्नाचे उत्तर पुढच्या पिढीला प्रवचनाशिवाय कळते. मिशनच्या शाळा चालवणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांची मुले त्या शाळांत शिकली, हे ज्याचे त्याने आठवावे.

तोडण्याचे पाप एकाच बाजूने होते असे मात्र नाही. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये छिंदवाडा गावातले एक पाळक 7 जानेवारी 2025 रोजी वारले. त्यांच्या वडिलांना त्याच गावात पुरलेले होते. मुलाला बापाची माती आजोबांजवळ करायची होती, गावकऱ्यांनी अडवले. शव वीस दिवस शवागारात राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली: न्या. नागरत्ना यांच्या मते कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफन व्हावे, न्या. शर्मा यांच्या मते ख्रिस्ती लोकांसाठी नेमलेल्या जागीच. मृतदेहाची आणखी हेळसांड नको म्हणून अखेर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापाल इथल्या दफनभूमीत दफनाचा आदेश झाला. ज्या गावाला पूर्वज इतके प्रिय, त्याने एका मुलाला त्याच्या पूर्वजाजवळ बापाला ठेवू दिले नाही. हा अन्याय आहे आणि तसे म्हटलेच पाहिजे. पण त्या गावाला बोल लावताना आपल्याही घरात पाहू. मेलेल्यांना वेगळे करण्याआधी जिवंतांनी एकमेकांकडे जाणे थांबवलेले असते, आणि त्यात आपल्या उपदेशाचाही हात असू शकतो.

कोणी म्हणेल, ही तडजोड झाली. पहिली आज्ञा स्पष्ट आहे. आहेच. अर्पण करू नये, नवस बोलू नये, भीतीपोटी कोणापुढे वाकू नये. पण आई-बापाचा मान राखण्याची आज्ञाही त्याच दहांतली आहे आणि तिला ‘ते विश्वासू असतील तर’ अशी अट नाही. देवाला वाहिले असे सांगून आई-बापाचा आधार काढून घेणाऱ्यांना येशूने फटकारले आहे. दशांश दिला पण आजीच्या औषधाला पैसे नाहीत, हा हिशेब त्याच जातीचा.

मग भामरागडच्या मंडळीने काय करावे? बाप्तिस्म्याआधी पाळकाने तरुणाच्या घरी जावे, म्हाताऱ्यांजवळ बसावे, जे वाढतील ते खावे आणि पोराचा निर्णय त्यांना त्याच्यासमोर समजावून सांगावा. उपासना माडियात व्हावी, म्हणजे दारात उभ्या राहिलेल्या आजीलाही कळेल. घरात मृत्यू झाला तर विश्वासू मुलाने खांदा द्यावा, लाकडे आणावीत, पाहुण्यांना जेवू घालावे, दगड न्यायला हात लावावा. अर्पणाच्या वेळी बाजूला व्हावे आणि का होतो ते आदराने सांगावे. साक्ष देताना ‘मी सर्व सोडले’ याला टाळ्या पडतात. त्याऐवजी घरी कोणाची सेवा केली ते मंडळीने विचारावे.

आजी बाप्तिस्मा घेईलच असे नाही. ती घेते की नाही, हा तिचा आणि देवाचा प्रश्न. नातवाचा प्रश्न वेगळा आहे. त्याची मुले उद्या विचारतील, तुमच्या देवाने तुम्हाला आजीशी कसे वागायला शिकवले? त्याचे उत्तर त्यांनी घरात रोज पाहिलेले असेल, तर तीमथ्याला जे मिळाले ते त्यांना मिळेल. लोईसही कधीतरी पहिलीच होती. तिच्याही आजीला येशूचे नाव माहीत नव्हते.