कोळशाची शेगडी विझवा, एसीवरचे सूर्याचे चिन्ह दाबा

पोर्तुगालमध्ये राहणारे गोव्याचे, कोकणचे आणि महाराष्ट्राचे बंधुभगिनी, तसेच त्यांचे गावाकडचे आईवडील, यांना तातडीचे आवाहन

हिवाळा तोंडावर आला आहे. लिस्बन, पोर्तो, सेतुबाल, फारू, जिथे कुठे तुमचे बिऱ्हाड असेल तिथे येत्या पंधरा दिवसांत चार कामे उरकून घ्या, ही कळकळीची विनंती. उशीर केला तर आधी खिशाला झळ बसेल आणि मग प्रकृतीला. एका बाबतीत तर थेट जिवाशीच गाठ आहे.

पोर्तुगाल म्हटले की ऊन आणि समुद्र आठवतो. लिस्बनमध्ये जानेवारीच्या रात्री पारा ८ अंशांच्या आसपास असतो. पुण्या-नाशिकची थंडी काढलेल्या माणसाला यात विशेष काही वाटत नाही. पण पुण्यात दुपारी ऊन तापते आणि घरही तापते. लिस्बनमध्ये जानेवारीत दुपारीही पारा १५ च्या आसपासच राहतो. त्यात भूमध्यसागरी हवामानात पाऊस पडतो तो हिवाळ्यात, त्यामुळे भिंती गार तर गार, वर ओल्याही राहतात. इमारतींच्या उष्णतारोधनाचा पहिला नियम त्या देशात १९९० साली आला. आपली माणसे स्वस्त भाडे पाहून ज्या जुन्या घरांत राहतात, त्यांतली बहुतेक त्याआधीची आहेत. २०२३ च्या युरोपीय आकडेवारीत घर पुरेसे उबदार ठेवणे परवडत नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये सर्वाधिक होते, जवळजवळ २१ टक्के. तेव्हा घरात कुडकुडणारे तुम्ही एकटे नाही. पण कुडकुडत राहणे म्हणजे काटकसर, हा समज सोडा. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात निदान १८ अंश ऊब असावी असे सांगते. लहान मुले, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांना त्याहून जास्त लागते.

पहिले काम : घरात काहीही पेटवून ऊब घेऊ नका.
दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवणे म्हणजे मरणाला बोलावणे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. गॅस सिलिंडरवरचा हीटरही बंद खोलीत धोक्याचाच, शिवाय त्याच्या ज्वलनातून निघणारी वाफ भिंतीवर बसून ओल वाढते. खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा. एका एक्स्टेन्शन बोर्डवर दोन हीटर लावू नका, वायर तापून आग लागते.

दुसरे काम : एसीने खोली तापवा.
उन्हाळ्यासाठी घेतलेला एसी ऑक्टोबरात झाकून ठेवायचा आणि दुकानातून स्वस्तातला तेलाचा हीटर आणायचा, हा प्रकार घरोघरी चालतो. हीटर स्वस्त, पण बिल महाग. हीटर एक युनिट वीज खातो आणि एकच युनिट उष्णता देतो. कोणत्याही कंपनीचा घ्या, हिशेब तोच. एसीचे तसे नाही. विहिरीवरचा पंप पाणी निर्माण करत नाही, असलेले उपसून वर आणतो. एसीही बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून आत आणतो. बाहेर ८-१० अंश असताना चांगला इन्व्हर्टर एसी एका युनिटमध्ये तीन ते चार युनिट उष्णता देतो. लिस्बनसारखी सौम्य थंडी त्याला मानवते.

आकडेमोड करा. २,००० वॅटचा हीटर रोज पाच तास म्हणजे १० युनिट. युनिटला २० सेंट धरले तर रोजचे २ युरो, महिन्याचे ६०. तेवढीच ऊब एसीकडून घेतली तर सुमारे ३ युनिट, म्हणजे महिन्याला १८ ते २० युरो. रिमोटवर सूर्याचे चिन्ह असेल तर तुमचा एसी खोली तापवतोही. जाळी धुवा, १९-२० अंशांवर लावा, पाती खाली वळवा. गरम हवा वर जाते, ती छताला देऊन उपयोग नाही.

नवा घेणार असाल तर नळीवाला फिरता एसी टाळा. त्याची नळी खोलीतली हवा बाहेर फेकते आणि तेवढी बाहेरची हवा फटींतून आत ओढली जाते. साध्या खोलीला पाऊण टनाचा, म्हणजे ९,००० बीटीयूचा स्प्लिट पुरतो. लेबलवर गरम करण्याचा एससीओपी हा आकडा पाहा, ४ किंवा त्याहून जास्त हवा. घर भाड्याचे असेल तर घरमालकाला विचारा, आणि बाहेरचे युनिट दर्शनी भिंतीवर बसवण्याआधी इमारतीची परवानगी पाहा.

एका खोलीत चार-पाच जण राहत असाल आणि एसी शक्यच नसेल, तर अंथरुणाखाली घालायची विजेची चादर घ्या. ती १०० वॅटच्या आसपास असते, रात्रभरात एक युनिटही खात नाही.

तिसरे काम : विजेचे बिल बाहेर काढून वाचा.
मीटर कोणाच्या नावावर आहे? कमी उत्पन्नाच्या घरांना ‘तारिफा सोसियाल’ ही सवलत आहे आणि ती बरीच मोठी आहे. पण त्यासाठी वीजजोडणी राहत्या घराची आणि हक्कदाराच्या स्वतःच्या नावावर लागते, मंजूर भारही ६.९ केव्हीएपर्यंतच चालतो. मीटर घरमालकाच्या नावावर राहिला की ही सवलत हातची जाते.

मग दर पाहा. ‘बि-ओरारिया’ दरात रोजच्या चक्रात रात्री १० ते सकाळी ८ वीज स्वस्त, बाकीच्या वेळी महाग. रेस्टॉरंटमधून रात्री उशिरा घरी येणाऱ्यांना हा दर सोयीचा पडू शकतो. गिझर आणि वॉशिंग मशीनही त्याच वेळात लावता येतात. घरी दिवसभर लहान मूल असेल तर साधा दरच बरा. वीज नियामक एर्से या संस्थेकडे दरांची तुलना करण्याची सोय आहे, आणि पुरवठादार बदलायला पैसे पडत नाहीत. मंजूर भारही तपासा. ३.४५ केव्हीएवर दोन हीटर एकदम लावले की वीज गेलीच समजा. एसीने तापवणाऱ्याला मोठा भार लागत नाही, म्हणून दरमहाचा स्थिर आकारही कमी ठेवता येतो.

चौथे काम : फटी बुजवा, ओल काढा.
खिडक्यांना चिकटपट्टीचा स्पंज लावा, दाराखाली कापडी गुंडाळी सरकवा. खर्च थोडाच येतो. भात, डाळ झाकण ठेवून शिजवा, आंघोळीनंतर दहा मिनिटे खिडकी उघडा, कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नका. भिंतीवर काळी बुरशी दिसली तर नुसता रंग मारून ती जात नाही. ओल गेली तरच जाते. सूर्य मावळताच खिडक्यांवरचे बाहेरचे शटर पूर्ण खाली ओढा.

हीच शटर उन्हाळ्यातही कामाला येतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लिस्बनने ४४ अंश पाहिले. उन्हाळ्यात सकाळीच शटर खाली, रात्री हवा गार झाली की खिडक्या सताड उघड्या. पंखा आधी, एसी नंतर, तोही २६ अंशांवर. एकच यंत्र दोन्ही ऋतूंत वापरले की त्याची किंमत लवकर वसूल होते.

गावाकडच्या आईवडिलांनाही सांगणे आहे. फोनवर ‘जेवलास का?’ विचारता, त्याच्या जोडीला ‘खोली कशाने तापवतोस?’ हेही विचारा. उत्तर ‘शेगडी’ आले तर फोन ठेवण्याआधी ती बंद करायला लावा.

ज्यांना पोर्तुगीज येते, त्यांनी या रविवारी शेजारच्या दोन घरांची बिले वाचून द्यावीत आणि मीटर नावावर करण्याचा अर्ज भरून द्यावा. नव्याने आलेली पोरे लाजेने विचारत नाहीत. तुम्हीच त्यांचे दार वाजवा.