प्रसिद्धी म्हणजे आप्तत्व नव्हे

केंदूर हे संत कान्हो पाठक यांचे गाव. शिरूर तालुक्याच्या या टापूत कीर्तन-सप्ताह हे आजही लोकशिक्षणाचे मोठे साधन आहे. मंडपात उच्चारलेला शब्द दुसऱ्या दिवशी दूध संकलन केंद्रावर, पारावर आणि आमच्या चिकित्सालयाच्या बाकावर पोहोचलेला असतो. आता त्याच्या जोडीला मोबाईलच्या पडद्यावरील नटाचा, खेळाडूचा आणि योगगुरूचा शब्दही तितक्याच वेगाने येऊन पोहोचतो. या वेगाचा अनुभव आम्हांस एका आजींनी दिला.

आजी नातवाला खोकल्यासाठी घेऊन आल्या होत्या. बालक अकरा महिन्यांचे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यावयाची गोवर-रुबेलाची लस त्यास दिलेली नव्हती. कारण विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, "डॉक्टर, टीव्हीतला तो हिरो बी म्हनतोय, लशीनं काळजाला त्रास हुतो. मग एवढ्याशा लेकराला कशापायी टोचायचं? त्यापरीस तुमचं ते सोन्याचं थेंब द्या की. ती बी लसच हाय न्हवं?"

आजींच्या या बोलण्यात दोन गैरसमज आहेत. पहिला एका नामवंताच्या शब्दातून निर्माण झाला आहे. दुसरा आम्ही, म्हणजे आयुर्वेदाच्या व्यावसायिकांनी निर्माण केला आहे. पहिल्यावर आपण सारेच मोठ्या हिरीरीने बोलतो. दुसऱ्याविषयी मौन पाळतो. या लेखात दोहोंचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या नटाविषयी न्यायाने बोलले पाहिजे. मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेते श्रेयस तळपदे यांना डिसेंबर २०२३ मध्ये हृदयविकाराचा तीव्र झटका आला. ते बरे झाले. पुढे मे २०२४ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी असे म्हटले की, कोविडची लस घेतल्यानंतर थकवा जाणवू लागला, त्यामुळे लशीचा काही संबंध असू शकेल ही शक्यता आपण नाकारू शकत नाही. हे निश्चित विधान नव्हते. मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसाने स्वतःशी विचारलेला तो प्रश्न होता, आणि असा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णास आहे. परंतु नामवंताची शंका लोकांपर्यंत पोहोचता पोहोचता सिद्धान्त होते. 'शक्यता नाकारता येत नाही' यातील 'शक्यता' वाटेत गळून पडते. कोविडच्या लशीविषयीची शंका मग गोवराच्या लशीवर जाऊन बसते, आणि केंदूरचे एक बालक असंरक्षित राहते.

लशीचा आणि तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचा संबंध आहे काय, हा प्रश्न तपासला गेलेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला व तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२९ मृतांची तुलना त्याच परिसरातील, त्याच वयाच्या व लिंगाच्या २,९१६ व्यक्तींशी करण्यात आली. लस घेतल्याने अशा मृत्यूची जोखीम वाढल्याचे आढळले नाही. उलट पूर्वी कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात आकस्मिक मृत्यूचा इतिहास असणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान अथवा अतिश्रमाचा व्यायाम करणे, या गोष्टींशी संबंध दिसून आला. हा अभ्यास कोणा एका रुग्णाच्या आजाराचा निवाडा करीत नाही, तसा त्याचा हेतूही नाही. मात्र एकाचा अनुभव आणि हजारोंची तुलना यांत कोणाचे वजन अधिक, हे आपल्या व्यवसायातील कोणासही सांगावे लागू नये.

लशीला दुष्परिणाम नसतातच असे म्हणणे तितकेच अशास्त्रीय ठरेल. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीने, जी आपल्या देशात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'कोविशिल्ड' या नावाने तयार केली, अत्यंत विरळ प्रसंगी रक्तात गुठळ्या होतात, हे २०२१ पासून ज्ञात आहे. कोणत्याही प्रभावी द्रव्याची मात्रा व जोखीम तोलूनच ते द्यावयाचे असते. भल्लातक वा वत्सनाभ हाताळणाऱ्या वैद्यास हे नव्याने शिकविण्याची गरज नाही.

नटाच्या शंकेपेक्षा कीर्तनकाराचा निश्चय अधिक खोलवर जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकप्रिय कीर्तनकार निवृत्ती महाराज इंदुरीकर यांनी नाशिक जिल्ह्यातील एका कीर्तनात, आपण लस घेतलेली नाही व घेणारही नाही, मन खंबीर ठेवणे हेच औषध होय, अशा आशयाचे उद्गार काढले. तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी महाराजांना भेटून विषय समजावून सांगण्याची तयारी दर्शविली. व्यसनमुक्ती, हुंडा, लग्नातील उधळपट्टी यांवरील महाराजांची कीर्तने आमच्या भागातील असंख्य घरांत ऐकली जातात आणि त्यांचा उपयोगही झाला आहे. म्हणूनच हे विधान अधिक जड गेले. ज्याच्या सांगण्यावरून घरातील दारूची बाटली फुटली, त्याच्या सांगण्यावरून लसही नाकारली जाणार, हे ओघानेच आले. सत्त्वबलाचे महत्त्व आयुर्वेदास मान्य आहे. पण सत्त्वावजय ही चिकित्सेच्या तीन प्रकारांपैकी एक होय, उरलेल्या दोहोंची जागा ती घेत नाही.

नामवंतांचा प्रभाव सदैव अनिष्टच असतो असेही नाही. पोलिओच्या 'दोन थेंबां'साठी अमिताभ बच्चन यांनी वर्षानुवर्षे केलेले आवाहन घराघरांत पोहोचले. देशातील शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. लसीकरणास काही वस्त्यांतून प्रतिसाद कमी मिळतो असे दिसल्यावर २०२१ मध्ये राज्य शासनाने सलमान खान यांचे साहाय्य घेण्याचा मानसही व्यक्त केला होता. तेव्हा प्रसिद्धी हे वाहन आहे. त्यात काय भरले आहे, हे तपासण्याचे काम जाणकारांचे.

पुण्याच्या भूमीवर या विषयाचे एक जुने उदाहरण आहे. महात्मा गांधींनी आरोग्यविषयक लेखनात देवीच्या लशीस स्पष्ट विरोध केला होता. त्याच गांधीजींवर जानेवारी १९२४ मध्ये, येरवड्याच्या कारावासात असताना, ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. गांधीजींविषयीचा आमचा आदर यामुळे तिळमात्र कमी होत नाही. परंतु देवीच्या रोगाचे भवितव्य त्यांच्या मताने ठरले नाही. ज्या लशीचा या देशातील पहिला प्रयोग १८०२ मध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या बालिकेवर झाला, तिच्याच बळावर १९८० मध्ये देवी जगातून नाहीशी झाल्याची घोषणा झाली. महापुरुषाचे मोठेपण एका क्षेत्रातून दुसऱ्यात आपोआप संक्रांत होत नाही, हा त्यातील धडा होय.

हाच धडा आपल्या संहितांत फार पूर्वी सांगितला आहे. चरकाचार्यांनी परीक्षेच्या साधनांत आप्तोपदेशाला मानाचे स्थान दिले. पण आप्त कोण, याची व्याख्याही दिली. रज व तम यांपासून मुक्त, ज्याचे ज्ञान निर्मळ व अबाधित, ज्याच्या वचनात संशयास जागा नाही, तो आप्त. या लक्षणांत लोकप्रियतेचा निर्देश कोठेही नाही. सूत्रस्थानाच्या तिस्रैषणीय अध्यायात तर वैद्यांचे तीन प्रकार सांगताना छद्मचर व सद्वैद्य यांच्या मध्ये 'सिद्धसाधित' असा एक वर्ग वर्णिला आहे. स्वतः ज्ञानी नसताना श्रीमंत, कीर्तिमान वा विद्वान यांच्या नावाचा आधार घेऊन जे वैद्य म्हणवितात, ते सिद्धसाधित. आजच्या जाहिरातीत नटाचे छायाचित्र छापून विकले जाणारे प्रत्येक चूर्ण पाहताना आम्हांस या शब्दाची आठवण होते.

येथे आपल्या अंगणात यावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या अवस्थेतील कर्करोग आहाराच्या बळावर हटल्याचे सांगितले. हळद, कडुनिंब, लिंबूपाणी, साखर व दूध वर्ज्य, असा तो आहार. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया व रसायनोपचारही झाले होते, हे मात्र ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिले नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढून, या पदार्थांनी कर्करोग बरा होतो यास पुरेसा पुरावा नाही, रुग्णांनी उपचार लांबवू नयेत, असे आवाहन केले. त्या आठवड्यात आमच्या सदस्यांकडे हळद-कडुनिंबाच्या गोळ्या मागणारे किती आले, याची आठवण प्रत्येकाने स्वतः करावी. आणि त्यांतील किती जणांना आपण "आधी तुमचे उपचार पूर्ण करा" असे सांगितले, याचीही.

कोरोनिलचे प्रकरण याहून बोलके आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत या औषधाचा नव्याने गाजावाजा झाला. त्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांचा आधार असल्याचे भासविण्यात आले. संघटनेने आपण कोविडसाठी कोणत्याही पारंपरिक औषधाची तपासणी वा प्रमाणन केलेले नाही, असे स्पष्ट केले. योग्य प्रमाणपत्राविना महाराष्ट्रात विक्री होऊ देणार नाही, असे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना सांगावे लागले. पुढे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणी पतंजलीच्या चालकांना एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची क्षमा मागावी लागली. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने, अशा जाहिरातींत झळकणारे नामवंतही तितकेच उत्तरदायी होत, असे म्हटले. या साऱ्यात हानी कोणाची झाली? गुळवेल, अश्वगंधा व तुळस ही तीन सज्जन द्रव्ये थट्टेचा विषय झाली, आणि चार दशके प्रामाणिकपणे वैद्यकी करणाऱ्याकडेही लोक संशयाने पाहू लागले.

आता आजींचा दुसरा प्रश्न. सुवर्णप्राशन लस आहे काय? काश्यपसंहितेतील लेहाध्यायात सुवर्णप्राशनाचे विधान आहे व मेधा, अग्नी, बल यांसाठी त्याचे गुण सांगितले आहेत. तो आपला ठेवा आहे. परंतु लस म्हणजे विशिष्ट रोगजंतूची ओळख शरीरास करून देऊन त्याच रोगाविरुद्ध स्मरणशील प्रतिकार निर्माण करणे. सुवर्णप्राशन गोवर, घटसर्प वा धनुर्वात यांपैकी कोणाचीही ओळख शरीरास करून देत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या फलकांवर, पुष्य नक्षत्राच्या शिबिरांच्या पत्रकांवर 'आयुर्वेदिक लसीकरण' हे शब्द झळकले. आमच्या पत्रकावरही ते एके काळी होते. गर्दी वाढली हे खरे. पण त्या दोन शब्दांनी आजींना काय शिकविले, ते त्यांनीच आम्हांस ऐकविले. नटाने शंका पेरली, पर्याय मात्र आम्ही पुरविला.

यावर कोणी म्हणेल, आधुनिक वैद्यकाने आयुर्वेदाची हेटाळणी केली तेव्हा कोण धावले? हेटाळणी झाली आहे, आजही होते, आणि तिचा प्रतिवाद झालाच पाहिजे. पण तो अकरा महिन्यांच्या बालकाच्या जिवावर होता कामा नये. जनपदोद्ध्वंसाचे वर्णन करताना आचार्यांनी, भिन्न प्रकृतीची माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात याचे कारण वायू, उदक, देश व काल या सर्वसामान्य भावांत शोधले. साथीचा विचार समूहाचा असतो, हे त्यांना ठाऊक होते. लसीकरण हा असाच समूहाचा उपाय होय. त्यास विरोध करून आयुर्वेदाचे कोणतेही सूत्र सिद्ध होत नाही.

तेव्हा सदस्य वैद्य व औषधी दुकानदार बंधुभगिनींना आमची विनंती आहे. आपल्या फलकावरून, पत्रकावरून व वेष्टनांवरून 'लस' हा शब्द काढून टाकावा. सुवर्णप्राशनास येणाऱ्या प्रत्येक बालकाचे लसीकरण कार्ड पाहावे आणि मात्रा राहिली असल्यास त्यास आरोग्य केंद्राकडे पाठवावे. एखाद्या नामवंताच्या शब्दामुळे एखाद्या औषधाची मागणी अचानक वाढली, तर दुकानदारांनी विक्रीपूर्वी ते कोणत्या रोगासाठी हवे आहे, एवढे तरी विचारावे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती प्रतिबंधक कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग आदी रोगांचा समावेश आहे. त्या रोगांवर औषधाची जाहिरात करणे गुन्हा आहे, मग फलकावर छायाचित्र कोणाचेही असो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणारी शिफारस करणाऱ्यासही दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. आणि सप्ताहाच्या निमित्ताने गावात येणाऱ्या कीर्तनकार मंडळींना आदराने भेटून लसीकरणाविषयी दोन शब्द बोलण्याची विनंती करावी. ते व्यासपीठ आपल्यापेक्षा मोठे आहे. त्यास दूषण देत बसण्यापेक्षा त्याचा सदुपयोग व्हावा.

आजींना आम्ही तासभर समजावले. नातवाचा खोकला उतरल्यावर त्या त्यास आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या व कार्डावरील शिक्का दाखवावयास परत आल्या. जाताना विचारते झाल्या, "मग त्या बोर्डावर तसं का लिवलंय?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढील सभेत हा विषय घ्यावा व फलक बदलण्याचा ठराव करावा, अशी आमची सूचना आहे. इत्यलम्.