अंगणातले परके हिरवेपण

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत होतो. ते वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. 'साहित्य' या शब्दातच सहितपणा, सोबत असणे अभिप्रेत आहे. शब्द आणि अर्थ यांच्या सहितपणाची कथा ज्या गावाशी जोडली गेली, तिथल्या नव्या वसाहतींत माती आणि झाड यांचा सहितपणा मात्र दुर्मीळ होत चालला आहे.

वाशीमचा परिसर हा पाणलोटाचा माथा. इथले काही पाणी काटेपूर्णेतून तापीच्या खोऱ्यात उतरते, काही पैनगंगेतून गोदावरीच्या. पावसाळा सरला की माथ्यावर पाणी ठरत नाही. तरीही मुरमाड उंचवट्यावरील घरापुढे हिरवळ हवीच असते. ५०० चौरस फूट हिरवळ म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. उन्हाळ्यात तिला रोज केवळ ५ मिलिमीटर पाणी दिले, तरी दिवसाला २३० लिटर होतात. एवढे पाणी पिऊन ती देते काय? सतत कापलेल्या गवताला ना फूल, ना बी. पाखराने तिथे यावे कशासाठी?

त्याच मुरमात तरवड, कोरांटी, निरगुडी, बोर आणि पळस पहिली दोन वर्षे सांभाळली की पुढे फारसे पाणी न मागता तग धरतात. तरवडावर पिवळसर फुलपाखरे अंडी घालतात, कढीलिंबावर काळी. पळस फुलला की मैना, कोतवाल, शिंजीर हजर होतात. पावसाच्या आरंभी रोपे लावावीत, उताराला आडवे छोटे बांध घालावेत, आळ्यात पालापाचोळा पसरावा. उथळ परळात पाणी ठेवावे आणि डास होऊ नयेत म्हणून ते रोज बदलावे.

'झाडोरा वाढला की साप येतात,' हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणूनच उंबरठ्यालगतची जागा सारवून मोकळी ठेवावी आणि दाटी कुंपणाकडे असावी. रुईही तिथेच बरी, कारण तिचा चीक डोळ्यांना घातक असतो. तुळशीवृंदावनाभोवती मोकळी जमीन राखणारे जुने अंगण याच शहाणपणातून घडले होते.

खरा अडसर पाण्याचा नसून अभिरुचीचा आहे. बारमाही हिरवे तेच सुंदर, हा संकेत आपण उसना घेतला आहे. कवितेतील उसनी प्रतिमा आपण वर्गात लगेच दाखवून देतो. घरापुढची मात्र कौतुकाने शिंपत बसतो. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. बारा महिन्यांची बारा रूपे पाहण्याची दृष्टी त्या पुस्तकाने मराठी वाचकाला दिली. ते पुस्तक शिकवणाऱ्यांच्या दारात बाराही महिने एकच रंग असावा, ही विसंगती खटकायला हवी. फाल्गुनातला निष्पर्ण पळस उजाड नसतो. तो त्या महिन्याचा अर्थ असतो. तो वाचता येत नसेल, तर उणीव झाडात नाही, आपल्या वाचनात आहे.