चक्क्याचा केक

वाढदिवसाला केक कापावा की औक्षण करावे, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. केक म्हणजे परक्यांचे अनुकरण, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. आपण तरुण ते ऐकून घेतो आणि केक कापतोच. माझ्या मते दोन्ही पक्ष मूळ प्रश्न बाजूला ठेवतात. केक देशी की विदेशी हा प्रश्न गौण आहे. तो कशाचा आणि कोणाच्या हातचा, हे महत्त्वाचे.

आपला आंबेगाव तालुका दूधदुभत्याचा. पहाटे धारा काढायच्या आणि दूध डेअरीवर पोचवायचे, हा इथल्या कितीतरी घरांचा नित्यक्रम. मंचरजवळ १९९२ साली सुरू झालेल्या पराग डेअरीत तर चीजही तयार होते. अशा मुलखात वाढदिवसाला जो केक येतो, त्यावरचे पांढरेशुभ्र क्रीम मात्र पुष्कळदा दुधाचे नसतेच. घट्ट केलेले वनस्पती तेल, साखर आणि पाणी फेसून ते बनवलेले असते. घरचे दूध विकायचे आणि तेलाचा फेस विकत आणायचा, हा कुठला हिशेब?

यावर चीजकेक हा चांगला उपाय आहे. नाव परके वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो याने चीज, पीठ, मध आणि अंडे यांच्या भाजलेल्या पक्वान्नाची कृती लिहून ठेवली. ओडिशात छेना आणि साखर भाजून छेनापोडा करतात. आपल्याकडे तर श्रीखंडाचा चक्का आणि वाफेवरचा खरवस घरोघरी ठाऊक आहे. चीजकेक या दोहोंचा शेजारीच म्हणायचा!

दही रात्रभर फडक्यात टांगावे. अर्धा किलो चक्क्यात कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घालून घोटावे. डब्याच्या तळाशी बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून दाबावा, वर हे मिश्रण ओतावे. ओव्हन नसला तरी अडत नाही. डबा झाकून ढोकळ्यासारखा मंद वाफेवर पाऊण तास ठेवावा. आच मोठी केली तर प्रथिने आकसतात, पाणी सुटते आणि वर तडे जातात. मग रात्रभर थंड करावा. वैशाख असेल तर वर डोंगरची करवंदे!

परंतु मित्रांनो, खरा मुद्दा पुढेच आहे. हे सारे आईच्याच गळ्यात पडणार असेल, तर बाजारचा केक बरा. जी पहाटे धार काढते, तिचा वाढदिवस आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून, हीच आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीख. जिने शाळाच पाहिली नाही, तिच्यापाशी तेवढीही नाही.

तारीख नसेल तर आपण नेमावी. त्या दिवशी मुलाने, होय, मुलानेच, चक्का टांगावा, आच सांभाळावी आणि भांडीही घासावीत. आधी औक्षण करावे, मग केक कापावा. त्या घरात तरी जुन्या-नव्याचा वाद उरणार नाही.