बचत बटणामागे का लपवायची?

‘वीज वाचवा’ या विषयावर निबंध लिहिल्यावाचून या देशात शालेय शिक्षण पूर्ण होत नाही. तरीही मे २०२४ मध्ये देशाच्या विजेच्या मागणीने २५० गिगावॉटचा उच्चांक गाठला. त्यात वातानुकूलन यंत्रांचा वाटा मोठा होता. याचा दोष नागरिकाच्या चारित्र्यावर ढकलणे सोपे आहे. यंत्राच्या घडणीकडे बोट दाखवणे अवघड.

१ जानेवारी २०२० पासून एक साधा नियम लागू झाला. तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर ठरवून यावा, एवढेच त्यात सांगितले होते. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे अनुमान आहे. आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरक घटला की खोलीत शिरणारी उष्णताही घटते आणि कॉम्प्रेसरचे श्रम कमी होतात. यासाठी कोणालाही उपदेश करावा लागत नाही.

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी २० ते २८ अंशांच्या मर्यादेचा विचार मांडला, तेव्हा ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उपस्थित झाला. मर्यादेविषयी तो रास्तही आहे. परंतु आरंभीचा आकडा कोणते स्वातंत्र्य हिरावून घेतो? ज्याला १८ अंश हवेत, त्याने बटण दाबावे. कोणता ना कोणता आकडा उत्पादकाला ठरवावाच लागतो. तटस्थ यंत्र अस्तित्वात नसते.

मात्र २४ अंशांवर समाधान मानणे हीदेखील पळवाटच. बहुतेक यंत्रांवर तापमान दिसते, खर्च झालेले युनिट दिसत नाहीत. बिल महिन्याने येते. तोवर कोणत्या रात्रीने किती वीज खाल्ली, हे कोणाला आठवणार? रात्री तापमान हळूहळू वाढवणारा ‘स्लीप मोड’ अनेक यंत्रांत असतो, पण रिमोटवरील एका दुर्लक्षित बटणामागे. तो रात्री आपोआप सुरू व्हावा आणि नको असेल त्याने बंद करावा, अशी रचना अशक्य नाही.

ज्या अभियंत्याला गारवा विकता येतो, त्याला काटकसरही घडवता येते. उद्याच्या अभियंत्यांनी निबंधातील ते वाक्य आता सर्किटमध्ये उतरवावे आणि नियामकाने ते उतरवून घ्यावे. नागरिकाच्या सद्गुणांची परीक्षा त्यानंतर घेता येईल.