श्वास आत, भाव खाली

परभणीच्या शेतकऱ्याला मनःशांतीची फार गरज आहे, असं हल्ली बऱ्याच जणांना वाटू लागलंय. कोणी मंगल कार्यालयात योगशिबिर लावतं, कोणी गावच्या समाजमंदिरात सतरंज्या अंथरतं. उपदेश एकच, जे आहे ते स्वीकारा. अशाच एका शिबिरात मी मागच्या रांगेत बसलो होतो. पांढऱ्याशुभ्र कपड्यातले गुरुजी म्हणाले, दुःख बाहेर नसतंच, ते आपल्या प्रतिक्रियेत असतं. माझ्या शेजारच्या मामांनी टोपी सारखी करत विचारलं, "गुरुजी, व्यापाऱ्यानं सोयाबीन ओलं म्हणून क्विंटलमागं दोन किलो कापलं. ते बाहेर हाय का आत?" सगळे हसले. गुरुजीही हसले आणि म्हणाले, डोळे मिटा.

मला योगाचं वावडं नाही. सूर्यनमस्कारांनी पाठ मोकळी होते, प्राणायामानं झोप लागते, हे मी स्वतः अनुभवतो. माझं भांडण 'स्वीकारा' या उपदेशाशी आहे, आणि तो ज्याला केला जातो त्या माणसाच्या निवडीशी. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं म्हणत दिवस काढणाऱ्या जिल्ह्याला स्वीकार शिकवायला बाहेरून माणूस आणावा लागतो, म्हणजे कमाल आहे. आम्ही काय कमी स्वीकारलंय? 2020 च्या जूनमध्ये मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही. उसनवारी करून दुबार पेरणी केली. तो स्वीकारच होता, फक्त त्याला कोणी प्रमाणपत्र दिलं नाही.

2024 चा हंगाम घ्या. सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये, बाजारात भाव चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदीला ओलाव्याची अट 12 टक्क्यांची. ती 15 वर नेली तोवर नोव्हेंबर निम्मा सरला होता आणि गरजवंतानं माल केव्हाच विकून टाकला होता. ज्यांनी दम धरला, त्यांच्यापुढे बारदाना संपल्याचं कारण आलं. आता पोतं नाही म्हणून माल पडून राहिलेल्या माणसानं नेमकं कुठलं आसन करायचं?

पीक विम्यात तर आध्यात्मिक साधनेची सोय आधीच करून ठेवलीय. उत्पादनावर आधारलेली भरपाई तुमच्या शेतावर ठरत नाही. महसूल मंडळात पीक कापणीचे प्रयोग होतात, त्यांची सरासरी निघते, ती उंबरठा उत्पन्नाखाली गेली तरच पैसे. ओढ्याकाठचं तुमचं रान आडवं झालं आणि माळावरचं शेजाऱ्याचं तगलं, तर कागदोपत्री तुम्ही सुखी. 2018 साली याच विम्यासाठी परभणीत शेतकऱ्यांनी मोठं आंदोलन केलं. त्यांना मनःशांती नको होती, हिशेब हवा होता. पुढे 2025 च्या खरिपात राज्यानं एक रुपयातला विमा बंद केला, आणि स्थानिक आपत्तीची वेगळी भरपाईही योजनेतून काढून टाकली. त्याच सप्टेंबरमध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला.

हिशेब मागणाऱ्याला योग सांगण्याचा हा रोग वरूनच झिरपतो. 6 जून 2017 ला मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. आपल्याकडे पुणतांब्यातून पेटलेला शेतकरी संप तेव्हा ऐन भरात होता. त्याच आठवड्यात तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री राधामोहन सिंह मोतिहारीला रामदेव बाबांच्या योग शिबिरात होते. पत्रकारांनी शेतकऱ्यांच्या आंदोलनाबद्दल विचारलं, तर उत्तर मिळालं, योग करा.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवतो. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. आशाताई घरोघर जाऊन शेतकऱ्याला झोप लागते का, जेवण जातं का हे विचारतात, ते काम मोलाचं आहे. ज्याचं मन खरंच खचलंय त्याला 'सकारात्मक राहा' सांगून घरी पाठवणारा गुरुजी मला व्यापाऱ्याइतकाच धोकादायक वाटतो.

आणि या शिबिरवाल्यांचं योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींशी तरी कुठे पटतं? पतंजलींच्या योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं. त्याआधी यम येतात: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. म्हणजे खोटं बोलू नका, चोरी करू नका, साठवून ठेवू नका. संतोष त्याच्यानंतर, नियमांत. शिबिरवाले आधीचं सगळं गाळून आम्हाला थेट संतोषावर उतरवतात. आमच्या गंगाखेडची जनाबाई यांच्यापेक्षा खरी. दळणकांडण करता करता ती विठ्ठलाशी बोलायची, आणि राग आला की त्यालाही चार शब्द सुनवायची. भक्तीत भांडण बसतं, हे तिला सातशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

तेव्हा शिबिरं जरूर घ्या, पण जागा बदला. काट्यावर बसणाऱ्याला अस्तेय शिकवा. कापणी प्रयोगाचे आकडे लिहिणाऱ्याला सत्य शिकवा. विमा कंपनीच्या साहेबांना अपरिग्रहाचा सहा महिन्यांचा निवासी वर्ग लावा. त्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला की निरोप धाडा. संतोष शिकायला आम्ही येतो, सतरंजी आमची आम्ही आणू.