खुर्ची गच्चीवर न्या!

दिलसुखनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये गावाहून आई-बाबा आले, की त्यांची आरामखुर्ची आपण बाल्कनीत टाकतो. बाल्कनीला सरकत्या काचा. ऊब मिळते, पण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच अडवते. भरपूर उन्हाच्या हैदराबादेत राहूनही हाडं कोरडीच!

म्हणून खुर्ची गच्चीवर न्या. लाकडी, कॅनव्हासची घडीची खुर्ची उत्तम. दांडा मागच्या खाचेत सरकवला, की पाठ हवी तेवढी कलते. प्लास्टिक सतत उन्हात राहिलं की ठिसूळ होतं. बैठक फार खोल नको, उठताना गुडघे बोलतात. विकत घेण्याआधी बाबांनाच बसवून बघा.

वेळ सावली सांगते. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा ऊन कामाचं. हैदराबाद १७ अंश उत्तरेला असल्याने डिसेंबरातही दुपारी बाराला ती आखूडच असते. मे महिन्यात मात्र सकाळी नऊच्या सुमारासच तशी होते, तेव्हा भर दुपार टाळा. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे.

गच्चीला कुलूप असेल, तर सोसायटीकडे किल्ली मागा. आणि खुर्च्या दोन न्या. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या आपल्यालाही ते ऊन हवंच आहे.